दुछत्ती

आपण मराठी माणसे ज्यास माळा म्हणतो, त्यास दिल्लीकर ‘दुछत्ती’ म्हणतात. एका छताखाली दुसरे छत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. परंतु आम्हांस त्यात मोठा दिलासा वाटत आला आहे. बदलीच्या नोकरीत एक छप्पर मिळता मिळता माणूस अर्धा होतो, येथे सरकार दोन देते! दुसऱ्यावर ताठ बसता येत नाही, ही गोष्ट निराळी.

आमच्या क्वार्टरमधील दुछत्ती न्हाणीघर व स्वयंपाकघर यांच्या डोक्यावर आहे. उंची जेमतेम दोन फूट, खोली मात्र हाताच्या दुप्पट. मागच्या भिंतीशी जे गेले, ते गेलेच. आजवर आमचे तेवढ्यावर भागत होते. दिवाळीनंतर रजया खाली उतरत आणि टेबलफॅन वर चढे. होळीनंतर त्यांची पुन्हा अदलाबदल होई. परंतु गेल्या वर्षी वाईचे घर वाटणीत विकले गेले, आणि आईबरोबर तीन पिढ्यांचे सामान दिल्लीस येऊन दाखल झाले.

आता कारकुनापाशी दुसरे शास्त्र कोणते असणार? आमच्या कचेरीत फायलींचे तीन वर्ग असतात. ‘अ’ वर्गातील फाइल कायम जपावयाची आणि तिची नक्कलही काढून ठेवावयाची. ‘ब’ वर्गातील नुसती जपावयाची. ‘क’ वर्गातील मुदतीपुरती, फार तर १० वर्षे. आम्ही वही घेऊन बसलो. जुन्या पावत्या, फुटक्या बरण्या, चि. मुलीचा पाळणा हे सारे ‘क’. पाळण्यापाशी सौ. नुसत्या आमच्याकडे पाहत राहिल्या. आम्ही निमूटपणे ‘ब’ लिहिले. निवृत्त होणारे मोठमोठे सचिव आपल्या घरी ही विभागणी कशी करीत असतील, देव जाणे.

पुढचे काम सोपे होते. दुछत्तीच्या दोन टोकांचे हवामान निराळे. स्वयंपाकघराकडील बाजू उबदार पण तेलकट, न्हाणीघराकडील थंड पण ओलसर. म्हणून पितळेची भांडी एकीकडे, लोखंडी ट्रंका मध्यावर, आणि ओल्या बाजूस ज्याला गंज वा बुरशी चढत नाही असे प्लास्टिकचे डबे. ट्रंकांखाली विटा ठेवल्या आणि भिंतीपासून चार बोटे जागा सोडली, म्हणजे वाळवी चढू लागली तर दिसते. डांबरगोळ्या कपड्यांच्या तळाशी टाकू नयेत, वर ठेवाव्यात; त्यांची वाफ हवेहून जड, ती आपोआप खाली उतरते. आजोबांच्या पोथ्या आईने तांबड्या फडक्यात बांधून दिल्या; त्यांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घातला. भिंतीस खिळा मात्र एकही ठोकला नाही. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर आदी सात सरकारी वसाहती नव्याने बांधण्यास मान्यता दिली, तेव्हापासून जुन्या क्वार्टरांतील आम्ही लोक पाहुण्यासारखेच राहतो.

राहिला बंब. तांब्याचा, वाईच्या परसात चाळीस वर्षे धुमसलेला. येथे गीझर आहे, गोवऱ्या नाहीत, धुराला वाट नाही. उपयोग विचाराल तर शून्य. ‘क’ वर्गही त्यास जास्तच. शिवाय उंची अडीच फूट. पण आडवा केला तर न्हाणीघराच्या टोकास नेमका बसतो, हे आम्ही टेपने मोजून पाहिले होते, आणि एका रविवारी घोडीवर चढून त्यास उचलूही लागलो.

“आडवा नको रे घालूस त्याला,” आई खालून म्हणाली.

आम्ही म्हटले, “अगं, उभा मावत नाही.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्यातच तापलं होतं.”

आम्ही खाली उतरलो. वहीतील नोंद अजून कोरी आहे. बंब सध्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी उभा आहे; आई त्यास शनिवारी चिंचेने घासते. दुछत्तीच्या त्या टोकास अडीच फुटांची जागा तशीच रिकामी असून, रजया तेथे ठेवू का म्हणून सौ. दोनदा विचारून गेल्या आहेत.