न सुटलेल्या चेंडूंचा हिशेब

क्रिकेटच्या धावफलकाला यष्टिरक्षकाचे काम फार थोडे दिसते. त्याने घेतलेले झेल आणि केलेले यष्टिचीत यांची नोंद होते, आणि बॅटला वा अंगाला न लागता त्याच्या हातूनही निसटलेल्या चेंडूवर पळून काढलेल्या धावा 'बाय' या सदरात पडतात. मात्र दिवसभर जे शेकडो चेंडू तो नुसतेच हातात घेऊन परत टाकतो, त्यांच्यासाठी कोणताही रकाना नाही. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे साधारण जिल्ह्याएवढ्या परगण्यांच्या संघांमध्ये एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालणाऱ्या सामन्यांत, हे बिननोंदीचे काम करताकरता पगारी खेळाडूची सारी उमेद खर्ची पडे, आणि या कामाचा आदर्श म्हणून डर्बीशायरच्या बॉब टेलर यांचे नाव घ्यावे लागते.

१९४१ साली स्टोक-ऑन-ट्रेंट येथे जन्मलेले टेलर १९६१ मध्ये डर्बीशायरकडून खेळू लागले, तेव्हा हौशी आणि व्यावसायिक खेळाडू असा अधिकृत भेद अजून शिल्लक होता. या परगण्याची ख्याती वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजांसाठी होती, आणि हवामान असे की बक्स्टनच्या मैदानावर १९७५ सालच्या २ जूनला बर्फ पडून खेळ थांबला. गारठलेल्या बोटांवर चेंडू आदळणे म्हणजे काय, हे तेथील यष्टिरक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे. वेगवान माऱ्याला यष्टिरक्षक बराच मागे उभा राहतो आणि फिरकीला यष्ट्यांना खेटून. मध्यमगतीला खेटून उभे राहणे हे मात्र खऱ्या कसबाचे काम, कारण बॅटची कड घेतलेला चेंडू दिशा बदलल्याचे कळेपर्यंत हातात आलेला असतो. बैठक घेतल्यावर टप्पा पडेपर्यंत उठायचे नाही, मग उसळीबरोबर उठायचे, बोटे जमिनीकडे आणि तळवे समोर ठेवायचे, आणि चेंडू लागताच हात किंचित मागे न्यायचे. उठण्याची घाई केली तर खाली राहिलेला चेंडू पायांखालून निघून जातो, हात ताठ ठेवले तर बोट मोडते. लेगच्या बाजूचा चेंडू तर क्षणभर फलंदाजाच्या आड दिसेनासा होतो, तेव्हा तो कोठून बाहेर पडेल हे ताडून पाय आधीच सरकवावे लागतात. टेलर यांच्या खेळात झेप क्वचितच दिसे, कारण पाय वेळेवर पोहोचले की झेपेची गरज उरत नाही. प्रेक्षकांच्या टाळ्या मात्र बहुधा झेपेलाच पडतात.

प्रथम दर्जाच्या सामन्यांत, म्हणजे काउंटी, कसोटी आणि त्या तोलाच्या इतर लढतींत मिळून, त्यांनी १,४७३ झेल घेतले आणि १७६ फलंदाजांना यष्टिचीत केले. ही १,६४९ ची बेरीज विक्रमी आहे. या आकड्यांशेजारी केंटच्या लेस एम्स यांचे आकडे ठेवले तर खेळ कसा पालटला तेही उमगते. एम्स यांच्या १,१२१ बळींपैकी ४१८ यष्टिचीत होते, कारण त्यांच्यासमोर टिच फ्रीमन यांची लेगस्पिन फिरकी होती. टेलर यांच्या वाट्याला वेगवान आणि मध्यमगती गोलंदाज आले आणि यष्टिचीतचे प्रमाण नवास एक इतके उतरले. एम्स यांच्या नावावर १०२ शतकेही आहेत, टेलर यांचे एकच, १९८१ साली शेफील्ड येथे यॉर्कशायरविरुद्धचे.

फलंदाजीतले हे अंतरच टेलर यांना भोवले. १९७१ मध्ये क्राइस्टचर्च येथे त्यांना इंग्लंडकडून पहिली कसोटी मिळाली, आणि दुसरीसाठी १९७७ पर्यंत थांबावे लागले, कारण केंटचे अॅलन नॉट यष्टिरक्षणातही उत्तम होते आणि फलंदाजीत कितीतरी सरस. नॉट ऑस्ट्रेलियातील माध्यमसम्राट केरी पॅकर यांच्या खासगी स्पर्धेकडे वळले तेव्हा कोठे छत्तिशीतल्या टेलर यांच्यासाठी जागा रिकामी झाली. मधल्या वर्षांत त्यांनी डर्बीशायरचे कर्णधारपद स्वीकारले आणि त्याचा भार आपल्या यष्टिरक्षणाला जाचतो असे वाटताच सोडूनही दिले, जे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले.

मुंबईच्या वानखेडे मैदानावर फेब्रुवारी १९८० मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, भारत आणि इंग्लंड यांच्यात एकमेव कसोटी झाली, जिच्यात सूर्यग्रहणाच्या दिवशी खेळाला सुट्टी होती. टेलर यांनी पहिल्या डावात ७ आणि सामन्यात १० झेल घेतले. फलंदाजीत टेलर यष्टीमागे झेलबाद दिले गेले, तेव्हा चेंडू बॅटला लागला नसल्याचे भारताचे कर्णधार विश्वनाथ यांनी मानले आणि टेलर यांना परत बोलावले. मग इंग्लंडचे अष्टपैलू इयन बोथम यांच्यासह टेलर यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या. या सामन्याची आठवण आजही बोथम यांचे शतक, त्यांचे १३ बळी आणि विश्वनाथ यांचे औदार्य यांसाठीच निघते, आणि बोथम यांच्या बळींतले ८ झेल कोणाच्या हाती विसावले हे सांगायचे राहून जाते.

१९८४ मध्ये टेलर निवृत्त झाले. दोन वर्षांनी लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत इंग्लंडचे यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच जखमी झाले, तेव्हा प्रायोजक कंपनीच्या पाहुण्यांची सरबराई पाहणाऱ्या ४५ वर्षांच्या टेलर यांना प्रतिपक्षाच्या संमतीने यष्ट्यांमागे पाठवण्यात आले. फलंदाज बिल अॅथी यांनी आधी काही षटके काम भागवले होते, पुढे हँपशायरचे बॉबी पार्क्स आले आणि अखेरीस फ्रेंच परतले. म्हणजे एकाच डावात चौघांनी ते काम केले.