नकलेतला फेरफार

विषाणूंच्या प्रयोगशाळेत माझ्या हयातीचा मोठा भाग गेला, आणि तेवढ्या काळात नजरेला जी एक सवय कायमची जडली ती निळे ठिपके मोजण्याची. एड्सच्या विषाणूची बाधा झाली असता रंगद्रव्याने निळ्या पडाव्यात अशा रीतीने सिद्ध केलेल्या पेशींचा पातळ थर तबकडीच्या तळाशी वाढवायचा, त्यावर विषाणूचे द्रावण सोडायचे, आणि दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिपका मोजायचा, हा आमचा नित्यक्रम. उमेदवारीच्या दिवसांत एकदा ‘व्हिफ’ नावाचे जनुक काढून टाकलेला विषाणू मी सीईएम आणि तिच्यापासूनच निघालेल्या सीईएम-एसएस अशा दोन पेशींत वाढवला. दोहोंतून बाहेर पडलेल्या विषाणूचे माप जवळजवळ सारखे भरले. तरीही सीईएम-एसएसमधल्या विषाणूने तबकडी निळ्या ठिपक्यांनी भरून गेली, आणि सीईएममधल्याने जेमतेम तुरळक ठिपके उमटले. तिसऱ्या खेपेसही तेच घडल्यावर मी वहीत ‘निष्फळ’ असे लिहिले. सरांनी तो शब्द खोडला नाही. त्याखाली ‘पेशीचे नाव ठळक लिहा’ एवढाच शेरा मारला.

त्या शेऱ्याचा अर्थ मला सावकाश उमगला. विषाणूला हवे असलेले काही त्या पेशीत नाही, की त्याच्या आड येणारे काही तिच्यात आहे, हा खरा प्रश्न होता; १९९८ मध्ये प्रतिबंध करणारी पेशी आणि न करणारी पेशी यांचा संयोग घडवून पाहिला असता संयुक्त पेशी प्रतिबंधच करते असे आढळले, आणि आत कोणी पहारेकरी आहे हे निश्चित झाले. २००२ मध्ये अ‍ॅन शीही, मायकेल मॅलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दोन पेशींची तुलना करून तो हुडकून काढला. त्याला पुढे एपोबेक-३जी हे नाव रूढ झाले.

या प्रथिनाची कार्यपद्धती मला आजही विलक्षण वाटते. ते नव्या विषाणूच्या कणात शिरून बसते आणि त्याच्याबरोबर पुढच्या पेशीत जाते. तेथे विषाणू आपल्या आरएनएच्या मूळ दस्तऐवजाची डीएनएत नक्कल उतरवू लागला, की हे प्रथिन त्या नकलेच्या पहिल्या धाग्यातील ‘सी’ अक्षराचे ‘यू’ करते, आणि त्यामुळे समोरच्या धाग्यात ‘जी’च्या जागी ‘ए’ येतो. माप सारखे भरूनही ठिपके का उमटले नाहीत, याचा उलगडा येथे होतो: घात पुढच्या घरी व्हायचा होता. मूळ विषाणूचा आणि अशा नकलेचा असे दोन अक्षरक्रम एकाखाली एक छापून पेन्सिलीने रुजवात घालताना ओळीमागून ओळीत तोच एक फेरफार दिसू लागला, तेव्हा माझा हात थांबला होता. विषाणूचे व्हिफ मात्र या पहारेकऱ्याला धरून त्याच्यावर युबिक्विटिनची मोहोर उमटवण्याची तजवीज करते, आणि पेशीचीच विघटनयंत्रणा आपल्या रक्षकाचे तुकडे करते.

अशी आणखी प्रथिने आहेत. टेथरिन बाहेर पडणाऱ्या कणांना पेशीच्या पृष्ठभागाशीच जखडून ठेवते. ट्रिम-५ अल्फाची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे: ऱ्हीसस माकडाच्या पेशीत ते विषाणूच्या कवचाला विळखा घालून त्याला प्रारंभीच निकामी करते, हे २००४ मध्ये कळले; माणसाच्या त्याच प्रथिनाला हे फारसे साधत नाही. त्याच्या ३३२व्या स्थानावरील एक आर्जिनिन बदलले, तर त्यालाही ते साधते. एवढ्याशा अंतरावर आपले संरक्षण अडले आहे.

माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना मी रिकामी तबकडी फेकू देत नाही. तिच्यावर पेशीचे नाव आणि तारीख घालून ती मला दाखवावी, असा दंडक आहे. त्या पहारेकऱ्याचा शोध लागल्यापासून व्हिफला अडवून एपोबेकला मोकळे सोडणारी द्रव्ये शोधण्याची खटपट अनेक ठिकाणी झाली आहे; असे औषध अद्याप रुग्णाच्या हाती पडलेले नाही.