'पऱ्हाटी'चा पाठभेद

गेल्या श्रावणात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून ती आमच्या महाविद्यालयात बी. ए.ला येत असे. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. "सर, आजी गेली," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुमच्या कोशासाठी आजीनं 'पऱ्हाटी'चा अर्थ सांगितला होता. मी लिहून आनला होता. तो मले जसाच्या तसा पाह्यजे होता." मी म्हणालो, आहे ना, पाहून कळवतो. हे मी ज्या सहजतेने म्हणालो तिची आज लाज वाटते.

'कोश' हा शब्द जरा मोठाच झाला. २००९ ते २०१६ या काळात उन्हाळी सुटीनंतर मी मुलांकडून वऱ्हाडी शब्द गोळा करून घेत असे. शब्द, सांगणाऱ्याचे गाव आणि सांगणाऱ्याच्याच तोंडचा अर्थ, अशा तीन रकान्यांच्या वह्या. पुढे संगणकाची आवड असलेल्या एका विद्यार्थ्याने त्यासाठी छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि दुपारच्या रिकाम्या तासांना मुले वह्यांतले शब्द त्यात भरू लागली. वह्यांपैकी बऱ्याच कपाटातच वाळवीने खाल्ल्या. माझी मात्र खात्री होती, की सारे काही संगणकात आहे.

संगणक बदलला तसा तो प्रोग्रॅम उघडेना. त्याच्या कर्त्याला, म्हणजे आता पुण्यात नोकरी करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला, मी फोन केला. तो म्हणाला, "सर, प्रोग्रॅम गेला तरी काही बिघडत नाही. फाइल आहे ना? जीडीबीएम-टूल नावाचं हत्यार आहे, त्यानं उघडा. फक्त वाचायलाच उघडा, लिहायला नको." मग त्याने फोनवर अक्षरे सांगितली आणि मी ती काळ्या पडद्यावर टंकली. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक लुकलुकणारी रेघ आपण काय विचारतो याची वाट पाहत असते. पन्नाशीकडे झुकलेल्या मराठीच्या मास्तराला तोंडी परीक्षेला बसवावे, तसा तो अनुभव होता.

या प्रकारच्या साठ्याची कल्पना सोपी आहे. एक किल्ली आणि तिच्यामागे ठेवलेला ऐवज. संगणकाचे लोक त्याला 'की-व्हॅल्यू' म्हणतात. केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ साली 'डीबीएम' नावाने ही सोय युनिक्स प्रणालीत केली. साठा कितीही मोठा असला तरी फाइलीत एकदोनदा डोकावून हवी ती नोंद हाती यावी, असा तिचा दावा होता. पुढे फिलिप नेल्सन यांनी ग्नू प्रकल्पासाठी तिची नवी आवृत्ती घडवली, ती ही जीडीबीएम. आमच्या साठ्यात किल्ली म्हणजे शब्द आणि ऐवज म्हणजे गाव नि अर्थ. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे उशाशी घेऊन वाढलेल्या माणसाला यात नवे काय वाटावे?

नवे होते, आणि ते पहिल्याच आज्ञेला दिसले. 'लिस्ट' म्हणताच शब्दांचा लोंढा पडद्यावरून वाहू लागला, आणि त्याला कसलाच क्रम नव्हता. 'कुटार' नंतर 'तिफण', 'तिफण' नंतर 'आंबील', मग 'गोऱ्हा'. वर्णक्रमाने नाही, भरल्याच्या क्रमानेही नाही. पुण्याहून खुलासा आला तो असा: शब्दावर एक गणित केले जाते आणि त्या गणिताचे उत्तर म्हणजे शब्दाची जागा. त्यामुळे विचारलेला शब्द क्षणात सापडतो, पण त्याचा शेजारी कोण, याला काही अर्थ नसतो. शब्दकोशात एक शब्द शोधताना वाटेत जे दहा भेटतात, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांचे आयुष्य बरे गेले आहे. इथे वाटच नाही. ज्याला नेमके विचारता येते त्यालाच उत्तर मिळते.

मी नेमके विचारले. 'फेच' आणि पुढे 'पऱ्हाटी'. उत्तर आले: रिसोड तालुक्यातले एक गाव आणि 'कपाशीचे झाड, कपाशीचे उभे पीक'. अर्थ चूक नव्हता. पण आजी कुठे होती?

मग 'काउंट' विचारले. ३,४१२ नोंदी. माझ्याकडच्या हजेरीवजा वहीत (ही वाळवीतून वाचली, कारण ती घरी होती) मुलांनी भरलेल्या शब्दांचा शेवटचा अनुक्रमांक ४,०८७ आहे. पावणेसातशे शब्द गेले कुठे? उत्तर इतके साधे, की ऐकताना कान गरम झाले. 'स्टोअर' ही आज्ञा त्या किल्लीमागे आधी काही असेल तर ते काढून नवे ठेवते. एका किल्लीमागे एकच ऐवज. आमच्या त्या प्रोग्रॅममध्ये विचारण्याची सोयही नव्हती. कारंज्याच्या मुलाने 'धुरा' भरला. दोन वर्षांनी मालेगावच्या मुलीने 'धुरा' भरला. कारंज्याचा धुरा गेला. कुणाला काही कळले नाही. दाते-कर्वे एका शब्दाखाली अर्थांना क्रमांक देतात, बोलीतला शब्द असेल तर 'व.' म्हणजे वऱ्हाडी अशी खूण करतात. आमच्या कोशाचा नियम असा होता, की जो शेवटी बोलला त्याचेच खरे. हा नियम मी केला नव्हता, पण मी तो पाहिलाही नव्हता. एकाच शब्दाचे गावोगावचे वेगळे अर्थ मिळावेत म्हणून ज्याने हा उद्योग आरंभला, त्याने त्याकरता निवडलेले भांडे नेमके हे.

त्या रात्री मी सगळी यादी कागदावर काढली आणि मुद्रिते तपासावीत तशी वाचायला घेतली. विद्यार्थिनीला खरे सांगण्यापूर्वी निदान एकदा पुरते पाहावे, एवढाच हेतू. अकराव्या पानावर 'पऱ्हाटी' दिसली, रिसोडची. आणि सव्विसाव्या पानावर पुन्हा 'पऱ्हाटी'. गाव मानोरा तालुक्यातले. पुढे मुलीच्या अक्षरातून संगणकात उतरलेले आजीचे वाक्य: "बोंडं हायेत तवर कपाशी, बोंडं सरले का मंग पऱ्हाटी."

हे कसे शक्य होते? एका किल्लीमागे एकच ऐवज, हा नियम मी नुकताच कडूपणाने शिकलो होतो. पडद्यावर शब्द पुन्हा टंकला, पुन्हा रिसोडच. आजीची नोंद यादीत होती पण विचारल्यावर मिळत नव्हती.

"सर, एक्सपोर्ट करा आणि लांबी बघा," असे पुण्याहून सांगण्यात आले. 'एक्सपोर्ट' ही आज्ञा साऱ्या नोंदी एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवते. वेगळ्या घडणीच्या यंत्रावर साठा न्यायचा तर हाच मार्ग. तिथे अक्षरे वाचता येत नाहीत, पण प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी बाइटांत दिलेली असते. एक 'पऱ्हाटी' भरली २१ बाइट. दुसरी २४.

मराठीच्या वाचकाला हा तीन बाइटांचा हिशेब सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्याच घरचा आहे. युनिकोडच्या प्रचलित लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पऱ्हाटी'त सात चिन्हे: प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, वेलांटी. एकवीस. यातला 'ऱ' हा नुक्ता असलेला स्वतंत्र वर्ण, आणि पापणीसारखा दिसणारा अर्धा र लिहायला मानकाने आज हाच मार्ग सांगितला आहे. परंतु जुना मार्गही चालू ठेवला: साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक. या मार्गाने चिन्हे आठ होतात, बाइट चोवीस. कागदावर, पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी. कोणत्या कळफलकावर कोण बसले होते, यावर कोणते रूप उमटले ते ठरले. साठ्याला डोळे नसतात. तो बाइट मोजतो. त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते. गंमत अशी, की खुद्द 'वऱ्हाड' हा शब्दही याच कात्रीत सापडतो: अठरा बाइटांचा वऱ्हाड आणि एकवीस बाइटांचा वऱ्हाड.

आता जे ध्यानात आले ते मला अजून पुरते पचलेले नाही. त्या मुलीने जर 'योग्य' मार्गाने पऱ्हाटी टंकली असती, तर पुढच्या वर्षी रिसोडच्या मुलाने तिच्या आजीला पुसून टाकले असते. आजी वाचली ती एका न दिसणाऱ्या, मानकाच्या दृष्टीने कालबाह्य अशा चिन्हामुळे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांवर बोट ठेवून वर्षानुवर्षे गुण कापणारा मी. सगळे शब्द एकाच वळणाने लिहिले गेले पाहिजेत यासाठी मुलांना पुनःपुन्हा लिहायला लावणारा मी. प्रोग्रॅम चालू असता आणि हे दुहेरीपण आधी लक्षात आले असते, तर मीच ते 'शुद्ध' करून घेतले असते, याबद्दल मला शंका नाही.

वस्तुतः या जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी एवढा भोळेपणा करू नये. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी ती वत्सगुल्म. वैदर्भी रीतीला राजशेखर 'वच्छोमी' म्हणतो, ती याच नावावरून. इंग्रजी दप्तरात तेच बासिम झाले, त्या नावाचा जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा निराळा जिल्हा झाला तो वाशिम. ऱ्हस्व की दीर्घ, यावर स्टाफरूममध्ये आजही वाद होतो. नियम दीर्घाच्या बाजूने, सरकारी पाटी ऱ्हस्वाच्या. आमच्या साठ्याच्या गावाच्या रकान्यात दोन्ही आहेत. असो.

आजीची नोंद हाती आली होती, तरी बाकीच्या पावणेसातशेंचे काय, हा प्रश्न राहिलाच. त्यातले काही वह्यांतले दुबार असणार, काही भरायचेच राहिले असणार. उरलेले पुसले गेले. पण पुसणे म्हणजे काय, हे कळल्यावर मला कारंज्याच्या पोथ्या आठवल्या. तिथल्या जैन शास्त्रभांडारांतल्या हस्तलिखितांवरून हिरालाल जैन यांनी १९३३ साली पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' संपादिले. जुने लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर नवे लिहीत; 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. लेप पातळ असला तर खालचे अक्षर डोकावते. जीडीबीएम असेच करते. नोंद काढली की जागा 'मोकळी' म्हणून टिपून ठेवते. त्या जागेवरचा मजकूर दुसरे काही तिथे येईपर्यंत तसाच पडून राहतो. 'रीऑर्गनाइझ' ही आज्ञा दिली तर मात्र नवी आवरलेली फाइल तयार होते आणि जुने सारे जाते. ती आज्ञा कधी कुणी दिली नव्हती. आमच्या आळशीपणाचा हा पहिलाच फायदा.

मग मूळ फाइलीची नक्कल काढली आणि तिच्यात, साठ्याच्या दारातून न जाता, थेट मजकूर शोधला. नऊ नोंदी अखंड मिळाल्या. वीसबावीस तुकडे मिळाले, आणि त्यांची जात विचित्र होती. मोकळ्या जागेत नवी नोंद बसते ती जागेच्या सुरुवातीपासून. म्हणजे आधी जातो तो शब्द, आणि राहिलेच तर अर्थाचे शेपूट राहते. पाठचिकित्सेत आपण सहसा शब्द हातात घेऊन अर्थाच्या मागे जातो. इथे अर्थ आहेत, शब्द नाहीत. "…वरचं गवत ज्याचं त्यानं कापाव, असा रिवाज." हा धुराच असावा, कारंज्याचा. "…म्हातारपनी आलेल्या पोराले म्हनतात." हा कोणता शब्द, मला ठाऊक नाही. तुकड्याच्या आरंभी एक अक्षर अर्धवट कापलेले आहे, तीन बाइटांपैकी दोन, आणि त्या एका अक्षरावरून शब्द ओळखता येत नाही.

पुण्याच्या विद्यार्थ्याचे म्हणणे, की किल्लीची रचनाच बदलावी: शब्दाला गाव जोडावे, म्हणजे दोन गावे एकमेकांना पुसणार नाहीत, आणि टंकलेले प्रत्येक रूप आधी एका ठरावीक रूपात आणावे. पहिले मान्य केले. दुसऱ्यावर आमचे अजून एकमत नाही. शोधण्यापुरते ते हवे, हे मलाही कळते. नाहीतर आजीला विचारूनही आजी मिळत नाही. पण भरलेले रूप जसे आले तसे ऐवजात राहू द्यावे, असा माझा हट्ट आहे. तो म्हणतो, सर, त्याचा उपयोग काय. मी त्याला चोवीस बाइटांची आठवण देतो.

विद्यार्थिनीला फोन करून आजीचे वाक्य वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "सर, 'सरले' नाई. आजी 'खपले' म्हने. मीच तवा 'सरले' लिहून आनलं, बरं दिसाव म्हून."

मी काळा पडदा उघडला, या वेळी लिहिण्यासाठी. किल्ली यादीतून उचलून तशीच चिकटवली, तिच्यातल्या न दिसणाऱ्या जोडकासकट. तिच्यापुढे नवे वाक्य लिहिले. एन्टर दाबण्याआधी थांबलो, फाइलीची आणखी एक नक्कल काढली, आणि ऐवजात 'खपले' च्या पुढे कंसात 'सरले' हा पाठभेदही ठेवला.