ओहम, व्होल्ट आणि अण्णांचे कान

हेडफोनच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. ३२ ओहम, २५० ओहम, ३०० ओहम. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो आणि ज्यांनी वाचलाय ते त्याला घाबरून असतात. "२५० ओहम? तुझा फोन नाही ओढणार, अ‍ॅम्प घे!" हा सल्ला मी ऑफिसच्या कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आज रविवारी त्याचा सोक्षमोक्ष लावूनच टाकतो. थोडं गणित आहे, पण आठवीच्या पलीकडचं नाही. घाबरू नका.

आपल्या सोसायटीतलं पाणी आठवा. तळमजल्यावर नळ सोडला की धो धो. चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. वरच्या माणसाला पाणी जास्त लागतं असं नाही, त्याला प्रेशर जास्त लागतं. म्हणून पंप बसवायचा. ओहमचं तसंच आहे. जास्त ओहमचा हेडफोन करंट कमी खातो, पण त्याला व्होल्टेज जास्त लागतं. हेडफोन अ‍ॅम्प म्हणजे तो पंप. बस्स.

आता आकडे. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत निघालेला आहे. तिघांनाही १ मिलिवॅट दिला की साधारण ९६ डेसिबल आवाज मिळतो. पण तो १ मिलिवॅट पोचवायला ३२ ओहमवाल्याला ०.१८ व्होल्ट पुरतात, २५० वाल्याला ०.५ लागतात आणि ६०० वाल्याला ०.७७. उलट हायफायमॅनचा एचई-६ बघा. ओहम फक्त ५०, पण १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याच्याकडून ९६ डेसिबल काढायचे तर जवळजवळ १ व्होल्ट आणि १८ मिलिवॅट मोजावे लागतात! म्हणजे नुसत्या ओहमच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तीन गोष्टी लागतात: ओहम, संवेदनशीलता (तीच ती १ मिलिवॅटला किती डेसिबल) आणि तुमचा फोन किती व्होल्ट देतो ते.

तिसरी गोष्ट खोक्यावर नसते, पण घरी मोजता येते. ५० हर्ट्झचा टोन पूर्ण आवाजात लावायचा आणि साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून तारांना लावायचा. (कानाला हेडफोन न लावता, प्लीज.) माझ्या जुन्या फोनने ०.५ व्होल्ट दाखवले. म्हणजे २५० ओहमच्या डीटी ९९० प्रोवर जास्तीत जास्त ९६ डेसिबल. हल्लीची गाणी दाबून भरलेली असतात, त्यांची सरासरी पातळी या कमालीपेक्षा दहाएक डेसिबलच खाली असते. म्हणजे ८६. हे भरपूर झालं. अ‍ॅम्पची गरज शून्य! कँटीनवाल्यांनी नोंद घ्यावी.

मग मी अ‍ॅम्प का बनवला? तर अण्णांसाठी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये तीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की अण्णांना हाक. शेडमध्ये एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, इतका खडखडाट. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हती. आणि गाव बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं! त्यामुळे दिवसभर माग आणि रात्री ख्याल, असा माणूस. त्यांच्या साठसत्तर कॅसेट मी एका दिवाळीत कॉम्प्युटरवर उतरवल्या. ऑनसाइटला निघालेल्या एका मित्राकडून डीटी ९९० प्रो स्वस्तात घेतला आणि माझ्या जुन्या फोनसकट अण्णांना देऊन टाकला.

अण्णांनी तो लावला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "छान हाय. जरा मोठं कर की."

फोन पूर्ण मोठाच होता.

आता परत गणित. त्या कॅसेटींची सरासरी पातळी मी सॉफ्टवेअरमध्ये बघितली, कमालीच्या २८ डेसिबल खाली. ९६ वजा २८, म्हणजे ६८. आलाप त्याहूनही खाली. तुमच्या-माझ्या कानाला पुरेल, अण्णांच्या नाही. इथे खरोखर पंप लागतो.

चू मॉय नावाच्या गृहस्थांनी खिशात मावेल असा एक अ‍ॅम्प फार पूर्वी खुला करून ठेवलाय. लोक त्याला सीमॉय म्हणतात आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. ९ व्होल्टची एक बॅटरी, एक ऑप-अ‍ॅम्प, एक व्हॉल्यूमचं बटण, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर. सगळं सामान तपकीर गल्लीत एका दुपारी मिळालं. हा अ‍ॅम्प आवाज किती पट करणार ते दोन रेझिस्टर ठरवतात: मोठ्याला छोट्याने भागा आणि एक मिळवा. नेहमीच्या नकाशात १० के आणि १ के असतात, म्हणजे ११ पट. डेसिबलमध्ये साधारण २१.

सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी मी त्या दोन रेझिस्टरवरच दोन दिवस घालवले. ६८ अधिक २१ म्हणजे ८९. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ८० च्या आत हवी. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. अण्णा रोज तीन तास ऐकतात, म्हणजे आठवड्याला २१. आणि बटण असलं की ते शेवटपर्यंत फिरवणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तीस वर्षांत मागाने जे नेलं ते नेलं. उरलेलं मी दिवाळीची भेट म्हणून न्यायचं?

मी १० के च्या जागी ३.३ के लावला. ४.३ पट, म्हणजे १३ डेसिबल. बटण पूर्ण फिरवलं तरी सरासरी ८१. हिशोब ढोबळ आहे आणि फक्त त्या कॅसेटींपुरता आहे (माझ्या बहिणीने त्यावर नवीन गाणी लावली तर ९९ पर्यंत जाईल, तिला सक्त ताकीद दिली आहे), पण अण्णा दुसरं काही ऐकतच नाहीत.

अण्णांनी अपेक्षेप्रमाणे बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग डोळे मिटले. हेडफोन मागून उघड्या जाळीचा, त्यामुळे भाजी निवडत बसलेल्या आईलाही तानपुरा ऐकू जात होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आवाज येतोय रे. पण शब्द येत नाहीत."

याला माझ्याकडे रेझिस्टर नाही. गोंगाटाने गेलेला कान बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जातो. अण्णांच्या तपासणीच्या कागदावर तिथे नेमका खड्डा आहे. 'स', 'श', 'त' ही सगळी व्यंजनं त्या वरच्या टापूतली. अ‍ॅम्प सगळ्या सुरांना सारखंच उचलतो, खड्डा आणि टेकडी दोन्ही. नुसता खड्डा भरायचं काम कानाच्या मशीनचं. ते लावायला अण्णा तीन वर्षं नाही म्हणतायत. "मशीन लावून गाणं ऐकू काय?"

मी म्हटलं, "अण्णा, हेही मशीनच आहे की."

त्यांनी डबी हातात घेतली. जॉबर माणूस, झाकण उघडल्याशिवाय राहवतंय कशाला. चष्मा लावून आतलं नीट बघितलं. "आवाज किती वाढवायचा हे कशानं ठरतं?" मी रेझिस्टर दाखवला. "हे बदललं तर अजून वाढतो?"

"वाढतो."

"मग का नाही लावलास?"

मी कागदावर सगळा हिशोब मांडून दाखवला. तास, डेसिबल, ३ ला निम्मा. त्यांनी तो दोनदा वाचला, डबीचं झाकण लावलं आणि हेडफोन परत चढवला. मशीनबद्दल हो म्हणाले नाहीत. पण पुढच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ती रद्द कर असंही अजून म्हणालेले नाहीत.

असो. अ‍ॅम्प घ्यायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा. आणि घरात कुणी शेडमध्ये, प्रेसवर, कारखान्यात आयुष्य काढलेलं असेल, तर त्यांचे कान एकदा तपासून आणा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. फक्त "जरा मोठं कर की" म्हणतील.