राहून गेलेली बट्टी

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडे उमरीला आली होती. दुपारच्या उन्हात घराबाहेर पडणे शक्य नव्हते, म्हणून सर्वांनी मिळून ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट पाहिला. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट २०१५ साली चित्रपटगृहांत आला. त्याआधीच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला ‘क्रिस्टल बेअर’ देऊन गौरविले होते. मुलांनी मुलांचे दुःख ओळखले, याचे मला विशेष वाटते.

वडिलांचे छत्र हरपलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. बंड्या आणि त्याच्या सवंगड्यांत हळूहळू रमू लागतो. एके दिवशी सायकलींची शर्यत लावून सारे किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळू लागतो आणि मित्र निघून गेल्यावर चिन्मय तिथे एकटाच उरतो. तो मित्रांवर रुसतो, अबोला धरतो. पुढे मने जुळतात. पण आईची पुन्हा बदली होते.

चित्रपट संपल्यावर नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, “आजी, कट्टी असतानाच तो गाव सोडून गेला असता तर?”

या प्रश्नाने मी क्षणभर स्तब्ध झाले. कारण तसे माझ्या बाबतीत घडले होते.

माझ्या वडिलांची आडत होती. कापसाच्या हंगामात मी आणि शेजारची माझी मैत्रीण जिनिंगच्या आवारात खेळायला जात असू. सरकीचा ढीग हा आमचा डोंगर, कापसाचे बोंद्रे हा आमचा तट. मीटरगेज गाडीची शिट्टी ऐकू आली की शत्रू आला, असे आम्ही ठरवले होते. त्या राज्याची राणी कोणी व्हायचे, यावरून एकदा आमचे भांडण झाले आणि मी कट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. तिला नांदेडला नेले. ती परत आली नाही.

“देवाघरी गेली,” एवढेच घरात सांगण्यात आले आणि विषय संपला. वडीलधाऱ्यांना वाटले, लहान मूल आहे, विसरेल. मी मात्र कित्येक महिने मनाशी धरून होते की माझ्या कट्टीमुळेच ती गेली. हे कोणाला सांगितले नाही. कारण कोणी विचारलेच नाही.

अमेरिकेतील लेखिका कॅथरीन पॅटरसन यांच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण १९७४ साली वीज पडून गेली. मुलाचे दुःख समजून घेण्यासाठी आईने १९७७ साली ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही कादंबरी लिहिली. पुढे २००७ साली त्याच मुलाने पटकथालेखनात आणि निर्मितीत सहभागी होऊन तिचा चित्रपट केला. त्यातील मुलगाही स्वतःला दोष देतो. आपण तिला त्या दिवशी बरोबर नेले असते तर, असे त्याला वाटते. शेवटी तो ओढ्यावर पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीला त्या कल्पनेतल्या राज्यात घेऊन जातो.

दरवर्षी संवत्सरीला आपण एकमेकांची क्षमा मागतो. समोर हात जोडणारे असतात, त्यांच्याशी हे सोपे असते. जो समोर नाही, त्याची क्षमा कशी मागावी? मी मनातल्या मनात प्रथम तिचेच नाव घेते. मात्र हे उमजायला मला अर्धे आयुष्य लागले. एखाद्या मुलाचा सवंगडी दुरावला, तर “रडू नकोस” म्हणण्याआधी “तुमचे शेवटचे बोलणे काय झाले होते?” एवढे तरी आपण विचारावे. मुलाच्या मनातली गाठ बहुधा तिथेच असते.

नातवाला मी सारे सांगितले. तो विचारात पडला आणि मग म्हणाला, “तिचे नाव काय होते?”

इतक्या वर्षांनी ते नाव मी मोठ्याने उच्चारले. सायंकाळी ऊन उतरल्यावर त्याचा हात धरून मी त्याला आमच्या राज्याची जागा दाखवायला घेऊन गेले.