रेतीला खसरा नंबर नसतो

बावनथडीच्या या काठाला आमचं बालाघाट, त्या काठाला भंडारा. पटवाऱ्याच्या नकाशात मात्र ती नुसती नदी. कुठे पाणी मुरतं, कुठे पूर रेती टाकतो, कुठे डांगरवाडी लागते, त्याची त्यात नोंद नाही.

केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेनुसार रेतीघाट ठरण्याआधी जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो आणि मसुदा 21 दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. हरकत घ्यायची तर हातात काही हवं, म्हणून आम्ही गावाचाच नकाशा काढायला बसलो. मी निवृत्त मास्तर, खडू माझ्याकडे आला.

पहिली खूण नळयोजनेच्या विहिरीची. ढीमरटोलीतली एक आजी मला पात्रात घेऊन गेली. "गुरुजी, पयले हातभर खंदलं का पानी लागे. आता कमरेवरी खंदा, तरी चिखलच." झिऱ्याच्या कडेला रेतीचा थर वीतभरच उरला होता, खाली काळी चिकण माती. नियम म्हणतो, तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यात जे कमी असेल तिथपर्यंतच खोदा. आमच्याकडे तीन मीटर रेती आणायची कुठून? वरचं धरणही रेती अडवतं. दर पुरासोबत पूर्वीइतकी येत नाही.

मग बैठकीत ट्रॅक्टरवाला पोरगा उठला. "विहीर वाचवा, पण घरकुलाला रेती कोण देणार?" त्याचं खरं होतं. सरसकट बंदी घातली की रात्रीच्या ट्रॉल्या वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूचा, दर पावसाळ्यात भरणारा पट्टा उपशासाठी दाखवला. विहिरीच्या वरखालचा सोडला.

खरी भांडणं झाली ती रस्त्यालगतच्या जमिनीवर. ते नदीचं जुनं पात्र. फूटभर मातीखाली गोटे आणि जाड रेती. तिथे प्लॉट पडू लागले होते. घरं उभी राहिली की ती खाण कायमची बुजली, आणि मग सगळा भार पुन्हा नदीवर. आधी रेती काढा, खड्ड्याचं तळं करा, घरं वरच्या बरड जमिनीवर बांधा, असं मी म्हटलं. प्लॉटवाले चिडले. भाव रस्त्यालगतच्या जमिनीला आहे, बरडाला नाही. तेवढा पट्टा वादात ठेवूनच ठराव झाला.

हरकतीसोबत नकाशा जोडून पाठवला. एक प्रत उपसरपंच पलीकडच्या गावी घेऊन गेले. आम्ही अडवलेली ट्रॉली त्या काठाने उतरली, तर विहिरीला काय फरक पडणार?