पलीकडं गेलेलं चिन्ह

"सर, सात पलीकडं गेल्यावर वजा कामून होतंय?"

दोन वर्षांपूर्वी थंडीतल्या एका रात्री दहावीतल्या एका मुलीचा हा आवाज माझ्या मोबाइलवर आला. ती आई-बापासोबत सांगलीकडं ऊसतोडीला गेली होती. मागं गाडी भरणाऱ्यांची आरडाओरड चालू होती. इकडं जिंतुरात मी उत्तर रेकॉर्ड करायला बसलो. मिनिटभराचं उत्तर, पण अकरा वेळा पुसलं.

एकोणतीस वर्षं मी गणित शिकवतोय. "बरोबरच्या पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं" हे माझं ठरलेलं वाक्य. जुने विद्यार्थी बाजारात भेटले तरी म्हणून दाखवतात, आणि मला ते आवडतं. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचाही मला गर्व आहे. त्या रात्री फळा नव्हता, समोर मान डोलावणारा वर्ग नव्हता. नुसतं वाक्य उरलं, आणि त्यात 'का'चं उत्तर नव्हतंच.

शेवटी सांगितलं, "एका पारड्यात पिशवी आणि सात किलोचं वजन, दुसऱ्यात बारा किलो. काटा बरोबर उभा आहे. पिशवी किती किलोची, ते पाहायचंय. सात काढून घे. पण एकाच पारड्यातून काढलंस तर काटा ढळेल, म्हणून दुसऱ्यातूनही सात काढ."

थोड्या वेळानं तिचा निरोप आला. "मंग दोन्हीकडून काढलं असंच म्हणा ना सर. पलीकडं गेलं कामून म्हणता?"

त्या प्रश्नामुळं मला झोप लागली नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढं 'पाया कच्चा' असा शेरा होता. सकाळी आठवीचं पुस्तक काढलं. 'एकचल समीकरणे' दुसऱ्या विभागात, म्हणजे दिवाळीनंतर. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. ही मुलगी दरवर्षी नेमकी त्याच महिन्यांत नव्हती. दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच पाठ 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. जूनमध्ये आम्ही तिला थेट त्यावर उभं करतो. पाया तिचा कच्चा नव्हता. तो घालताना आम्ही तिची वाट पाहिली नव्हती.

2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात आम्ही सगळे उतरलो. दीक्षा ॲप हाताशी होतं, ऑनलाइन प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं छापून फाइलला लागली. मी व्हिडिओ केले, तेही फळ्यावरच्या माझ्या अक्षराचे. आपण तयार झालो, असं मला मनापासून वाटलं. पण पाठांचा क्रम तोच राहिला, वार्षिक नियोजनाचा तक्ता तोच राहिला. लवचिक झाला तो फक्त फोन. आजही शिक्षकाची तयारी प्रमाणपत्रावरून मोजतात, हे मला मान्य नाही. कोणता धडा कुठं तोडता येतो, कोणता आधी ओढता येतो आणि तोडलेला तुकडा फडावरच्या मुलीच्या कानात एकटा उभा राहतो का, हे ज्याला सांगता येतं तो तयार. शिकवणीवाल्यांच्या छापील नोट्सना हे जमत नाही, कारण त्या हजर मुलांसाठीच असतात. मात्र माझं शिकवणंही इतकी वर्षं हजर मुलांसाठीच होतं. तक्ता वेळेत पूर्ण करणारा शिक्षक म्हणून माझं नाव व्हायचं, आणि त्या नावासाठी मी क्रमाला हात लावला नाही.

ती मुलगी दहावी पास झाली. गणितात जेमतेम, पण स्वतःच्या बळावर.

वर्गात आता मी "दोन्हीकडून काढलं" असं म्हणतो. जुनं वाक्य अजून जिभेवर येतं, तेव्हा थांबतो आणि पुन्हा सांगतो.

यंदा आठवीला 'एकचल समीकरणे' मी श्रावणातच शिकवली. पुढं ऊसतोडीला जाणारी मुलं तेव्हा वर्गात होती.